वहिनींची कोरी हवा

लग्न होऊन घरात आल्याला पुरते दोन दिवस झाले नव्हते, आणि वहिनींनी घरातलं घड्याळ खोटं पाडलं. भिंतीवरचं, लंबकाचं, थेट सासऱ्यांचं. अख्खं घर त्या घड्याळावर उठायचं, जेवायचं आणि एकमेकांवर खेकसायचं. वहिनींनी रेडिओवर बातम्यांची वेळ ऐकली, भिंतीकडे बघितलं आणि अगदी हळू म्हणाल्या, "सात मिनिटं पुढे आहे हो हे." कधी कुठे उशीर झाला नाही, अशी फुशारकी सासरे आयुष्यभर मारत आले होते. धाकटा दीर तेव्हा चौदा वर्षांचा. त्याला हसू फुटलं आणि वडिलांची एक चपराक बसली. ती त्याला अजून आठवते.

तेव्हापासून वहिनींचं सगळंच त्याला आठवतं. त्या पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला होत्या. एकतीस वर्षं एकच खोली, एकच उंच स्टूल आणि खिडकीशी बाटल्यांची रांग. गावाचं पाणी प्यायला चांगलं आहे की नाही, हे त्या यंत्राला विचारून सांगायच्या. एकदा शाळेतून येताना धाकटा तिथे डोकावला तर वहिनी यंत्रात पाणी घालतायत, आकडा लिहितायत, आणि बाटलीवर गावाचं नाव ना विहिरीचं.

"हे कुठलं पाणी, वहिनी?"

"कुठलंच नाही. कोरं पाणी आहे. वाफ करून गोळा केलेलं, यात काही म्हणजे काही नाही."

"मग तपासता कशाला?"

"यंत्राला आधी 'काही नाही' म्हणजे काय ते दाखवावं लागतं, भावोजी. रोज सकाळी. ते त्याला कळलं, की मग बाकीचं विचारायचं."

धाकट्याला वाटलं, वहिनींचा एक स्क्रू ढिला आहे. त्या वयात वाटणारच. पण पुढे एक दिवस असा आला की कोरं पाणी कोरं येईना. दोनदा पाहिलं, चारदा पाहिलं, आकडा थोडासा वरच. साहेब म्हणाले, "अहो बाई, एवढंसं इकडे तिकडे चालतं." वहिनी म्हणाल्या, "मग खाली सही तुम्ही करा, मी नाही करत." त्र्याऐंशी बाटल्यांचा अहवाल त्यांनी अडवून धरला. साहेबांनी आकाशपाताळ एक केलं. संध्याकाळी कळलं की कोऱ्या पाण्याच्या मोठ्या बाटलीचं बूच कुणीतरी साबणाने धुतलं होतं आणि नीट खळबळलं नव्हतं. त्र्याऐंशीच्या त्र्याऐंशी बाटल्या दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासल्या. त्यावरून ऑफिसात त्यांचं नावच पडलं, 'कोरंबाई'. दादा घरी याच नावाने हाका मारायला लागले. "कोरंबाई, चहात साखर घातली का आधी कोरा चहा दाखवायचाय?" वहिनी साखरेचा डबा त्यांच्यासमोर आपटायच्या आणि दोघं हसायची.

आता दादांबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. दादा म्हणजे धाकट्याचे थोरले भाऊ, वहिनींचे यजमान. लेथवर, म्हणजे धातू फिरवून कातायच्या यंत्रावर, काम करणारा माणूस. लोखंडाचा गज हातात आला की त्यातून काय निघणार हे त्यांना आधीच दिसायचं. कारखान्यात आठ तास लेथवर उभे राहायचे आणि घरी येऊन अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये पुन्हा उभे राहायचे. शेडमध्ये होती गाडी. दोन दारांची, लांब नाकाची, कधीतरी भंगारात निघालेली. तिचं इंजिन दादांनी अकरा वर्षं बसून नव्याने उभं केलं. या इंजिनाचे पिस्टन जगात कुठे मिळत नव्हते, म्हणून त्यांनी स्वतः ॲल्युमिनियम ओतून, लेथवर लावून चार पिस्टन केले. एकेकाला तीन-तीन महिने. चारही तराजूत टाकले तर काटा हलत नव्हता. आणि हो, तो तराजू आधी वहिनींनी तपासला होता.

आणि मग दादांचे हात थरथरायला लागले. आधी चहाचा कप, मग सही, मग शर्टाची बटणं. डॉक्टरांनी सांगितलं, हे वाढत जाणार. दादांनी शेडमधल्या लेथवर कापड टाकलं आणि त्या दिवसानंतर ते काढलं नाही. गाडी तयार होती, फक्त इंजिनाचं ट्यूनिंग राहिलं होतं. त्या हातांनी आता दुसरा पिस्टन होणार नव्हता, हे घरात कुणी बोलून दाखवत नव्हतं, पण माहीत सगळ्यांना होतं. दादांच्या लायसनची मुदत शुक्रवारी संपत होती आणि त्या हातांकडे बघून ते कुणी वाढवून देणार नव्हतं. तेव्हा दादा धाकट्याला म्हणाले, "एकदाच. डोंगरावरच्या टॉवरपर्यंत मी स्वतः नेणार. हिला शेजारी बसवून. मग उभी कर कायमची, माझं काही म्हणणं नाही."

या गाडीच्या स्टिअरिंगला दादांशिवाय कुणाचा हात लागलेला नव्हता, बरं का. धाकट्याचासुद्धा नाही. त्याने एकदा शेडमधून बाहेर काढायची म्हणून हात लावला, तर दादांनी असं बघितलं की गडी मुकाट उतरला आणि मागून ढकलायला गेला.

धाकट्याचा धंदाच मुळी हा. गाड्यांचं ट्यूनिंग. तीन मजली इमारतीच्या तळाला त्याचं वर्कशॉप आहे. जमिनीत दोन मोठे रोलर बसवलेत. गाडी त्यावर उभी करून कितीही पळवा, चाकं फिरतात आणि गाडी जागची हलत नाही. इंजिनात पेट्रोलच्या जोडीला हवा किती जाते, सगळं त्यावर असतं. वजनाने एक भाग पेट्रोल आणि चौदा पॉइंट सात भाग हवा, म्हणजे दोन्ही पुरतं जळतं, काही उरत नाही. पण चढावर गाडी पूर्ण जोर लावते तेव्हा पेट्रोल थोडं जास्त लागतं, एकाला बारा पॉइंट सात, बारा पॉइंट आठ हवा. ते जास्तीचं पेट्रोल पिस्टनला थंड ठेवतं. हवा त्याहून वाढत गेली तर काय होतं? मजा अशी की आधी काहीच होत नाही. उलट गाडी छान पळते, चालवणारा खूश होतो. आणि आत पिस्टनचं डोकं वितळून भोक पडतं.

पूर्वी धाकटा हे कानाने आणि प्लगचा रंग बघून करायचा. आता त्याने मीटर घेतला होता. बोटाएवढा सेन्सर धुराच्या नळीत पिळून बसवायचा, तो आत तापून लाल होतो, आणि एका भाग पेट्रोलला हवा किती, याचा आकडा बाहेर डबीवर येतो. पहिल्यांदा तो आकडा पाहिला तेव्हा धाकटा अर्धा तास नुसता बघत बसला होता. आगीच्या आत काय चाललंय हे बाहेर बसून दशांशात कळतंय! आजवर त्याने इंजिनाच्या बंद दाराला कान लावला होता, आता कुणी दार उघडून आत बोलावलं होतं. मीटर वापरायच्या आधी एक काम असतं. सेन्सर नळीतून काढून साध्या हवेत धरायचा आणि डबीवरचं बटण दाबायचं. म्हणजे मीटर ही हवा प्रमाण धरतो आणि पुढचं सगळं तिच्यावरून मोजतो.

बुधवारी सकाळी दादांनी गाडी रोलरवर चढवली. बाहेर वारा सुटला होता आणि धुळीचे लोट येत होते, म्हणून धाकट्याने शटर खाली ओढलं होतं आणि गाडीचा धूर पाइपने मागून बाहेर सोडला होता. कार्ब्युरेटरचे जेट, म्हणजे पेट्रोल जायची ती भोकाची पितळी नळकांडी, टेबलावर वाडग्यात पेट्रोलमध्ये भिजत घातली होती. बाजूला पेट्रोलने पुसलेली फडकी. त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला धाकट्याने सेन्सर ठेवला, तापू दिला, बटण दाबलं, झालं. भडका उडाला नाही हे नशीबच म्हणायचं. अक्कल कुठे चरायला गेली होती, हे त्याचं त्यालाच ठाऊक.

दादा कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले होते. हात मांड्यांखाली दाबून. थरथर दिसू नये म्हणून ते असे बसतात.

दीडशे नंबरचा जेट लावून धाकटा आत बसला आणि स्टिअरिंगला हात न लावता त्याने पूर्ण जोर दिला. इंजिन असं गर्जलं की शटरचे पत्रे थरथरले. अकरा वर्षांत पहिल्यांदा ते मोकळेपणाने ओरडलं होतं. दादांचे डोळे भरून आले आणि त्यांनी धूर लागल्याचं सोंग केलं. डबीवर आकडा आला, अकरा पॉइंट तीन. पेट्रोल जास्तच. धाकट्याने लहान भोकाचा एकशे पंचेचाळीसचा जेट लावला. बरोबर बारा. अजून जास्त. मग एकशे चाळीस. बारा पॉइंट पाच.

"आलं जवळ," धाकटा म्हणाला. "अजून एक पायरी, एकशे पस्तीस. मग बारा पॉइंट आठ. मग घेऊन जा तुझी राणी टॉवरवर."

"आवाज गोड झालाय रे," दादा म्हणाले. "एकदम मोकळा."

इतक्यात शटर अर्धं वर झालं आणि वाकून वहिनी आत आल्या. हातात थर्मास. दोन पावलं टाकली आणि थबकल्या, पदर नाकाला.

"अगं बाई! किती हा पेट्रोलचा वास! डोळे झोंबतायत माझे."

"कुठे काय?" धाकटा म्हणाला. त्याने मोठा श्वास घेतला. "मला तर काहीच येत नाही."

"मलाही नाही," दादा म्हणाले.

"तुम्हाला कसा येईल? तुम्ही दोघं यातच मुरलेले." वहिनींनी थर्मास ठेवला. त्या डबीकडे बघायला लागल्या. नवीन यंत्र म्हटलं की त्यांचे पाय तिकडे आपोआप वळतात. "हे काय सांगतं?"

धाकट्याने हौसेने सगळं सांगितलं. वहिनी मान डोलवत होत्या. मग त्यांनी विचारलं, आणि अगदी त्याच आवाजात, ज्या आवाजात पस्तीस वर्षांपूर्वी घड्याळाबद्दल बोलल्या होत्या, "याला कोरी हवा कुठे दाखवलीत, भावोजी?"

"कोरी... ती होय. इथेच की. टेबलावर."

"या टेबलावर?"

धाकट्याने वाडग्याकडे पाहिलं, फडक्यांकडे पाहिलं, बंद शटरकडे पाहिलं. पण माणूस आपली चूक लगेच थोडीच कबूल करतो? "वहिनी, अहो हवा ती हवा. आणि हे बघा, मीटर बरोबर आहे याची खूण सांगतो. इंजिन नुसतं शांत चालू ठेवलं की चौदा पॉइंट सात येतं, बरोब्बर, जिथे यायला हवं तिथेच. खोटा असता तर तिथे चुकला असता की नाही?"

वहिनी दादांकडे वळल्या. "अहो, तुमचा तो निळा शर्ट आठवतो?"

"गुडघ्यापर्यंत आलेला?" दादा म्हणाले. "तो कोण विसरेल!"

"माझी मापाची टेप धुऊन धुऊन ताणली गेली होती, भावोजी. गळ्याचं माप जवळपास बरोबर आलं. लांबीचं पार फसलं. ताणलेल्या टेपचं शून्य शून्यावरच असतं. जसजसं लांब जावं तसतशी ती चुकत जाते. तुमचं ते चौदा पॉइंट सात म्हणजे तुमच्या मीटरचं शून्य ना? हवा आणि पेट्रोल, काहीच उरत नाही ते?"

धाकट्याच्या हातातला पाना तसाच राहिला. वीस वर्षं तो हा धंदा करत होता. मीटरचं पुस्तक त्याने दोनदा वाचलं होतं. आणि इंजिनाचं झाकण आयुष्यात न उघडलेल्या या बाईने निळ्या शर्टावरून त्याला ते सांगितलं, जे पुस्तकात वाचूनही डोक्यात शिरलं नव्हतं. जिथे काहीच उरत नाही तिथे मीटरला मोजायलाच काही नसतं, मग तो चुकेल कशाला? चूक दिसणार ती लांब गेल्यावर, पूर्ण जोरात. जिथे पिस्टन वितळतात नेमकी तिथे.

"एकशे पस्तीस लावू नकोस," दादा हळूच म्हणाले. आवाजातली सगळी मजा गेली होती.

"गच्चीवर चला," वहिनी म्हणाल्या.

नळी निवेपर्यंत अर्धा तास गेला. चहा कुणी घेतला नाही. मग धाकट्याने सेन्सर आणि डबी काढली, ती चालवायला बॅटरी उचलली आणि तिघं निघाले. तीन मजले, लिफ्ट नाही. बॅटरी सोळा किलोची. दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी दार उघडून विचारलं, "काय रे, दिवे गेले का?" धाकटा म्हणाला, "नाही आजोबा, याला हवा खायला नेतोय." आजोबांनी सेन्सरकडे पाहिलं, वहिनींकडे पाहिलं आणि दार लावून घेतलं.

गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी फडफडत होत्या. धूळ एव्हाना बसली होती आणि वारा स्वच्छ वाहत होता. वहिनी पाण्याच्या टाकीच्या पलीकडच्या अंगाला गेल्या, वारा कुठून येतो हे तोंडावर घेऊन पाहिलं, आणि म्हणाल्या, "इथे धरा. बटण दाबू नका अजून."

"का?"

"आधी बघू तरी, सकाळपासून हा काय समजत होता ते. हवेत प्राणवायू किती टक्के आहे, हे दाखवतो का हा?"

दाखवत होता. धाकट्याने ती बाजू कधी उघडलीच नव्हती. त्याने बाजूची दुसरी कळ दोनदा दाबली. सेन्सर तापायला मिनिटभर लागलं. तिघं डबीवर वाकले होते.

"वीस पॉइंट नऊ यायला हवं," वहिनी म्हणाल्या. "घरात, शेतात, समुद्रावर, कुठेही जा. स्वच्छ हवेत तेवढाच असतो."

आकडा आला, अठ्ठावीस पॉइंट सहा.

धाकट्याने डबी हलवली, जणू हलवल्याने आकडा खाली पडेल. अठ्ठावीस पॉइंट सहा. असली हवा पृथ्वीवर कुठे नाही. खालच्या पेट्रोलच्या वाफेने त्या तापलेल्या टोकाशी हवेतला प्राणवायू खाऊन टाकला होता, आणि तीच उष्टी हवा मीटरने सकाळी कोरी म्हणून धरली होती. तेव्हापासून तो प्रत्येक गोष्ट वाढवून सांगत होता. हवा जास्त असली तर आणखी जास्त. पेट्रोल जास्त असलं तर तेही आणखी जास्त. आणि धाकटा त्याचं ऐकून दादांच्या इंजिनाचं पेट्रोल तोडत चालला होता, पायरीपायरीने.

त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. भीतीचा होताच, पण नुसता भीतीचा नव्हता. समोर साठीच्या पुढची एक बाई, पायात साधी चप्पल, पदर वाऱ्यावर उडतोय, आणि दिसत नाही, हातात येत नाही, वास येत नाही अशा हवेचा आकडा तिला माहीत आहे. कुकरमधल्या भाताला किती शिट्ट्या लागतात हे माहीत असावं तसा. एकतीस वर्षं रोज सकाळी एका खोलीत बसून ही बाई 'काही नाही' मोजत होती, आणि आपण तिला हसत होतो. धाकट्याला तिथल्या तिथे त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पण हातात बॅटरीच्या वायरी होत्या.

"आता दाबा," वहिनी म्हणाल्या.

त्याने बटण दाबलं. वीस पॉइंट नऊ.

खाली आल्यावर शटर पूर्ण उघडलं, वाडगं आणि फडकी बाहेर गेली, पंखा लावला. दादा म्हणाले, "आधी मोठाच जेट लाव." दीडशेचा लावला. सकाळी अकरा पॉइंट तीन दाखवत होता तोच जेट, तेच इंजिन. आता बारा पॉइंट दोन. मग एकशे पंचेचाळीस. बारा पॉइंट सात. धाकट्याने सकाळी 'अजून जास्त' म्हणून काढून ठेवला होता, नेमका तोच जेट पाहिजे होता. एकशे चाळीसला काय झालं असणार हे त्याने कागदावर मांडून पाहिलं. तेरा पॉइंट एक. आणि तो त्याच्याही पुढे निघाला होता.

"प्लग काढ," दादा म्हणाले.

चार प्लग काढून पांढऱ्या कागदावर ओळीने ठेवले. पहिला बरा, दुसरा बरा, चौथा बरा. तिसऱ्याच्या पांढऱ्या चिनी मातीवर वहिनींनी भिंग धरलं आणि बराच वेळ बघितलं. मग भिंग दादांच्या हातात दिलं. दादांचा हात इतका हलत होता की त्यांना दिसेना, तेव्हा वहिनींनी त्यांचं मनगट खालून धरलं.

मिठाच्या दाण्याहून बारीक, चमकणारे दोन ठिपके. ॲल्युमिनियम. दादांच्या पिस्टनचं.

"निघाला होता वितळायला," दादा म्हणाले. एवढंच. धाकटा खाली बसला. मोठ्या भावाने तीन महिने घासून केलेली ती वस्तू आपण अर्ध्या मिनिटात खाल्ली असती, आणि वर आवाज गोड झाला म्हणून खूश झालो असतो. "दादा," तो म्हणाला, "माझं चुकलं. लहान पोरासारखं चुकलं." दादांनी त्याच्या डोक्यावर टपली मारायला हात उचलला, तो थरथरला म्हणून नुसता ठेवला. "उठ. चारही सिलिंडरचा दाब बघ." दाब बघितला. चारही सारखे. पिस्टन वाचला होता. वहिनींनी थर्मासमधला गार झालेला चहा ओतला आणि तिघांनी तसाच घेतला.

शुक्रवारी सकाळी गाडी निघाली. दादा स्टिअरिंगवर, वहिनी शेजारी मांडीवर मीटरची डबी घेऊन, धाकटा मागच्या सीटवर गुडघे छातीशी घेऊन कोंबलेला. गाव सुटलं, चढ लागला. दादांनी पाय दाबला आणि इंजिनाने असा काही सूर धरला की धाकटा गप्पच झाला. एरवी त्याचं तोंड बंद राहत नाही.

"बारा पॉइंट आठ," वहिनी म्हणाल्या. वळण गेलं. "बारा पॉइंट सात." पुन्हा चढ. "बारा पॉइंट सात."

"अगं, बाहेर बघ की जरा. दरी केवढी आहे!"

"तुम्ही बघा रस्त्याकडे. मी बघते हे."

दादांचे हात स्टिअरिंगवर हलत होतेच, खोटं कशाला सांगू. पण गाडी सरळ चालली होती. बारा पॉइंट सात, बारा पॉइंट आठ, असं करत करत वहिनींनी ती सगळा डोंगर चढवली. टॉवरपाशी रस्ता संपला. दादांनी इंजिन बंद केलं. इंजिन निवताना टिक टिक वाजत होतं.

मग दादांनी किल्ली काढली आणि वहिनींच्या मांडीवर ठेवली, डबीच्या शेजारी.

"आता खाली तू ने."

"मी?"

"तुझं लायसन अजून चार वर्षं आहे. प्रयोगशाळेची गाडी गावोगाव तूच न्यायचीस ना बाटल्या आणायला? मग."

वहिनींनी किल्लीकडे पाहिलं, दादांकडे पाहिलं. धाकट्याने मागच्या सीटवरून खिडकीबाहेर तोंड वळवलं, कारण त्याला हुंदका आला होता आणि तो दादांनी बघितला असता तर जन्मभर चिडवलं असतं.

"पण थांब," दादा म्हणाले. "धाकट्या, पाना काढ. सेन्सर काढून आधी याला इथली हवा दाखवू. इतकी कोरी परत कुठे मिळायची?"

वहिनींनी चमकून वर पाहिलं. तीस-पस्तीस वर्षं चिडवणाऱ्या माणसाच्या तोंडून हे. "अहो, परवाच दाखवलीय की."

"रोज दाखवायची असते. मला शिकवतेस होय, कोरंबाई?"

नळी निवली. धाकट्याने सेन्सर काढून फडक्यात धरला, तर दादांनी हात पुढे केला. त्यांनी तो घेतला आणि टॉवरखाली मोकळ्यावर, वाऱ्याकडे तोंड करून उभे राहिले. वायर जेमतेम पुरत होती. वर धरलेला त्यांचा हात थरथरत होता, आणि या वेळी तो त्यांनी लपवला नाही.

"हात हलला तर चालेल ना गं?" त्यांनी विचारलं.

"चालेल," वहिनी म्हणाल्या. "त्याला हवा लागते फक्त."

डबीवर वीस पॉइंट नऊ आलं. वहिनींनी ते मोठ्याने वाचलं आणि किल्ली घेऊन पलीकडच्या, स्टिअरिंगच्या बाजूच्या दाराकडे गेल्या.